लेकराचा नकार, मोठ्यांची करणी

दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ. वाशिमच्या बसस्थानकावर बाप उभा आहे, हातात न्यायालयाच्या आदेशाची झेरॉक्स. नऊ वर्षांचं पोरगं मामाचा हात सोडत नाही. ‘मी नाही जात.’ बाप म्हणतो, ‘तुम्हीच त्याले शिकवून ठेवलं.’ मामा म्हणतो, ‘त्यालेच विचारा.’ दोन्हीकडून मोबाइल निघतात, चित्रीकरण सुरू होतं; पुढच्या तारखेला पुरावा लागतो ना! हे दृश्य कुठल्या एका घराचं नाही, म्हणूनच त्याबद्दल बोललं पाहिजे.

आपल्याकडे सुट्टी म्हणजे मामाचं गाव. आई-बाप वेगळे होतात, आई माहेरी येते आणि मामाचं गाव हेच लेकराचं रोजचं घर होतं. शाळा इथे, मित्र इथे. सुट्टीत पाहुणा म्हणून जायचं ते वडिलांकडे. त्यात आदेशात नुसतं ‘उन्हाळी सुट्टीचा अर्धा काळ’ असं लिहिलेलं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, पुण्याकडच्या जूनच्या मध्यात. बाप पुण्यात नोकरीला असेल, तर अर्धा काळ कुठून मोजायचा यावरही भांडण होतं.

मूल जायला नको म्हणालं की आपण कारण शोधत नाही, गुन्हेगार शोधतो. अजूनही काही घरांत पहिला संशय करणीचा असतो. सासरच्यांनी काहीतरी खाऊ घातलं, लिंबू उतरवलं, म्हणून पोरगं फिरलं. जादूटोणाविरोधी कायदा 2013 सालीच झाला, पण तो कायदा मांत्रिकाला धरतो, मनातल्या संशयाला नाही. शिकलेली माणसं करणी मानत नाहीत. ती ‘कान भरले’ म्हणतात. त्याहून शिकलेल्यांसाठी इंग्रजी नावही तयार आहे, ‘पेरेंटल एलिएनेशन सिंड्रोम’. रिचर्ड गार्डनर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने ते 1985 मध्ये काढलं. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या आजारांच्या यादीत, अगदी 2013 च्या आवृत्तीतही, त्याला जागा मिळाली नाही. तरी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या एका निकालात हा शब्द आला आणि वकिलांच्या अर्जांत तो सहज फिरू लागला. तिन्ही शब्द एकच गृहीत धरतात: लेकराला स्वतःचं मन नसतं, जे आहे ते कुणीतरी आत घातलेलं.

कान भरले जात नाहीत, असं मी म्हणत नाही. भरले जातात, दोन्ही घरांत, आणि बरेचदा आजीकडून. ‘मी कुठे अडवते? तोच जात नाही,’ असं म्हणणाऱ्या आईला विचारावंसं वाटतं: तोच मुलगा उद्या शाळेत जायला नको म्हणाला, तर त्याचा शब्द शेवटचा मानाल का? लस टोचून घ्यायला नको म्हणाला तर? तिथे समजूत काढता, धाक दाखवता, हात धरून नेता. वडिलांच्या भेटीपुरतंच मूल एकाएकी सज्ञान कसं होतं? ‘पोटगी नाही तर भेट नाही’ हा हिशेबही तसाच. पोटगी थकली असेल तर वसुलीचा मार्ग वेगळा आहे. मूल ही पोटगीची पावती नव्हे. आणि पोटगी बुडवून ‘माझा वंशाचा दिवा’ म्हणत हक्क सांगणाऱ्या बापाबद्दल तर काय बोलावं! दिवा हवा, तेल मात्र दुसऱ्याने घालायचं.

‘नाही जाणार’ या शब्दांना महाराष्ट्राने एकदा मोठी किंमत लावली होती. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. मार्च 1887 मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. विरोधकांचा युक्तिवाद ओळखीचाच होता: आईने आणि आजोबांनी फितवलं. पुढे डॉक्टर झालेल्या या बाईला स्वतःचं मन होतं, ही शक्यता फार थोड्यांना सुचली.

कुणी म्हणेल, रखमाबाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या, हे नऊ वर्षांचं लेकरू आहे. बरोबर. म्हणूनच त्याचा नकार हा निकाल धरू नये. पण निकाल नसला तरी ती माहिती आहे. पालक व पाल्य अधिनियम 1890 सालचा, इंग्रजांच्या काळातला. त्याच्या सतराव्या कलमातही म्हटलं आहे की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याएवढं मोठं असेल, तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. बालहक्क करार भारताने 1992 मध्ये स्वीकारला; त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे मुलाचं म्हणणं ऐकून त्याचं वय आणि समज पाहून त्याला वजन द्यायचं आहे. त्याच कराराचं नववं कलम दोन्ही पालकांशी संबंध ठेवण्याचा हक्क सांगतं, आणि तो हक्क मुलाचा म्हणून सांगतं.

तेव्हा आधी विचारायचं ते हे की नेमकं काय नको. बाप नको, की दहा तासांचा प्रवास? तिकडची नवी आई? की जेवताना आईला दिलेल्या शिव्या ऐकणं? यातल्या बहुतेक गोष्टी मोठी माणसं मनात आणलं तर बदलू शकतात. दारू, मारहाण, नको तिथे हात लावणं असं काही निघालं, तर मात्र पाठवणं थांबवून त्याच आठवड्यात न्यायालयात जायचं. तिथे ‘आदेश आहे’ म्हणून ढकलणं हा अपराध आहे. एरवी पंधरा दिवसांऐवजी एका दिवसापासून सुरुवात करता येते. बापाने वाशिमला यावं, लेकरासोबत जेवावं, संध्याकाळच्या गाडीने परतावं. त्याला हा अपमान वाटेल. पण भेट बापाची इभ्रत राखण्यासाठी नाही.

‘निकाल लागू द्या, मग बघू,’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा शिरपूरला जाऊन यावं. वाशिम जिल्ह्यातल्या या गावचं जैन मंदिर दोन पंथांच्या वादात 1981 पासून सुमारे 42 वर्षं बंद राहिलं आणि 2023 मध्ये उघडलं. मूर्तीचं वय वाढत नाही. नऊ वर्षांचं पोरगं तारखांवर तारखा पडेपर्यंत मिसरूड फुटलेला मुलगा होतं, आणि मग त्याला कुणी बोलवायलाही येत नाही.

आदेश बदलून हवा असेल तर अर्ज सप्टेंबरातच द्यावा, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी नव्हे. न्यायाधीशांनी आपल्या दालनात मुलाशी एकट्याने बोलावं, ही विनंती त्यातच लिहावी. आणि बसस्थानकावर मोबाइल खिशात ठेवावेत.