स्विचचं घड्याळ आधी लाव

चि. भाच्यास,

कॉलेजचं नेटवर्क आता तुझ्याकडे आल्याचं ताईनं कळवलं. आनंद झाला. व्हीलॅन, पोर्ट, पासवर्ड यांच्या गडबडीत घड्याळाचं काम मात्र मागे ढकलू नकोस.

सिस्कोच्या कित्येक कॅटॅलिस्ट स्विचमध्ये घड्याळासाठी बॅटरीच नसते. वीज जाऊन आली की ते १ मार्च १९९३ पासून वेळ मोजू लागतात. मग रात्री कुणी लॉगिन केलं, कुठला पोर्ट बंद पडला, हे लॉगमध्ये असूनही फायरवॉलच्या नोंदींशी जुळवता येत नाही. हातानं लावलेली वेळही हळूहळू सरकते. म्हणून नेटवर्कवरून वेळ जुळवणारं एनटीपीच हवं.

सगळे स्विच बाहेर वेळ विचारायला पाठवू नकोस. दोन कोअर स्विचनी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) सर्व्हरकडून वेळ घ्यावी, बाकीच्यांनी कोअरकडून. सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही याच दोन संस्थांची नावं आहेत, आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितले आहेत. कोअरला शक्यतो चार सर्व्हर दे. दोनच दिलेस आणि त्यांच्यात तफावत पडली, तर खरा कोणता हे स्विचला कळणार नाही.

टाइमझोनमध्ये तर हमखास घोळ होतो. एनटीपी फक्त यूटीसी आणून देतं. भारतीय वेळ आपण सांगायची. पाच तास लिहून तीस मिनिटं विसरलं की सगळा लॉग अर्धा तास मागे. शिवाय टाइमझोन लावला तरी लॉगमध्ये स्थानिक वेळ आपोआप येत नाही. 'सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स'च्या ओळीत 'लोकलटाइम' आणि 'शो-टाइमझोन' लिहावंच लागतं. वर्षही उमटू दे.

फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ उघड, पण आपल्या स्विचला वेळ कुणीही विचारू शकेल असं ठेवू नकोस; अ‍ॅक्सेस-लिस्ट लाव. २०१४ मध्ये असेच उघडे एनटीपी सर्व्हर वापरून मोठे हल्ले झाले होते.

एनटीपीची कमांड दिल्यावर लगेच 'होत नाही' म्हणून पुसून टाकू नकोस. 'शो एनटीपी असोसिएशन्स'मध्ये सर्व्हरसमोर चांदणी आणि रीचखाली ३७७ दिसायला हवं. ३७७ म्हणजे शेवटच्या आठही विचारण्यांना उत्तर मिळालं; चौसष्ट सेकंदांनी एक, म्हणजे आठ-नऊ मिनिटं जाणारच. स्ट्रॅटम १६ दिसला तर जुळणी झालेली नाही.

कोअर जुळल्यावर वसतिगृहाचे स्विच घे, तिथली वीज जास्त जाते. एक स्विच मुद्दाम बंद करून चालू कर आणि वेळ परत येते का बघ. अडलास तर 'शो एनटीपी असोसिएशन्स'चा आउटपुट मला पाठव, रात्री नऊनंतर मी मोकळा असतो.

तुझा,
मामा