यंत्रावरचा पाट आणि विनोबांचे विकर्म

संगणकावर चालणाऱ्या सीएनसी राउटरवर कोरलेले, दोन लाकडांचे जडावकाम केलेले पाट आणि तबके आता देवापुढे सर्रास दिसतात. त्यांच्याबाबत एक प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो केवळ आवडीनिवडीचा नाही. ज्या नक्षीवर सुताराची पटाशी फिरलीच नाही, तिच्यात सेवाभाव असू शकतो का? माझ्या मते असू शकतो. मात्र तो यंत्र देत नाही, तसा नुसता हातही देत नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता-प्रवचनांत विनोबांनी विकर्माचा अर्थ लावला तो असा, की बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड देणे म्हणजे विकर्म. तेव्हा कर्म कशाने झाले, यापेक्षा मन कुठे लागले, हे तपासले पाहिजे.

जडावकामात मन लागण्याची जागा बोट ठेवून दाखवता येते. सागाच्या फळीत कमळाच्या पाकळीचा खळगा खोदायचा आणि शिसवाची पाकळी त्यात बसवायची. राउटरचा बिट, म्हणजे कापणारे पाते, गोल फिरतो, म्हणून आतला टोकदार कोपरा त्याला साधत नाही. ३ मिलिमीटरचा बिट कोपऱ्यात दीड मिलिमीटर त्रिज्येची गोलाई ठेवतोच. मग पाकळीचे टोकही तेवढेच गोल करायचे, व्ही-बिट लावायचा, की कोपरा पटाशीने साफ करायचा, हे माणूस ठरवतो. खळगा आणि पाकळी नेमकी एकाच मापाची काढली तर पाकळी आत जात नाही, सैल काढली तर फेविकॉलची रेघ दिसते. शिवाय लाकूड पावसाळ्यात रेषांच्या आडवे फुगते. दोन लाकडांच्या रेषा एकमेकींशी काटकोनात पडल्या, तर आज घट्ट बसलेली पाकळी उन्हाळ्यात फट दाखवते. यंत्राला यातले काही कळत नाही. ज्याला कळते आणि तरी जो चालवून घेतो, त्याच्या हातून कर्म झाले, विकर्म नाही.

यावरचा सर्वांत बळकट आक्षेप तासगावच्या रथोत्सवात मिळतो. पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांनी बांधायला घेतलेले तिथले गणपती मंदिर १७९९ साली पुरे झाले. त्याचा रथ ऋषिपंचमीला निघतो आणि माणसे तो दोरखंडांनी ओढतात. ट्रॅक्टर जोडला तर श्रम वाचतील, पण रथोत्सव उरणार नाही. मग देवाला अंगमेहनतच पोचते, असे का म्हणू नये? कारण दोर ओढणे हीच तिथली पूजा आहे. रथ फिरून मंदिरापाशीच येतो, लवकर पोचणे हा हेतूच नसतो. पाटाचे तसे नाही. त्यावर मूर्ती डगमगून चालत नाही. तिथे मेहनत हे साधन आहे. सुताराने ती वाचवली तर काही उणे होत नाही, काळजी वाचवली तर होते.

दुसरा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. एकदा नक्षीची फाइल तयार झाली की तिच्यावरून शंभर पाट निघतात. शंभराव्यात कुणाचे मन असणार? पण फाइल तीच असली तरी फळी तीच नसते, गाठ पाहून नक्षी सरकवावी लागते. जो न पाहता बटण दाबतो, त्याला हा आक्षेप पुरेपूर लागू पडतो. पण मन दुसरीकडे ठेवून हातानेही शंभर पाट कोरता येतात.

नक्षी कोरणाऱ्या कारागिरांची रोजी जाते, हे दुःख मात्र खरे आहे आणि विकर्माच्या विचाराने ते फिटत नाही. निदान यंत्रावरचे काम हातकाम म्हणून विकले जाऊ नये, आणि हातकामाचा भाव करताना यंत्राच्या किमतीचा दाखला देऊन कारागिराला खाली ओढू नये, एवढे तर गिऱ्हाइकाच्याच हातात आहे.