पाळी जाते तेव्हा

सोसणं हा गुण आहे काय? आपल्या वस्तीत बाईला शाबासकी मिळते ती सोसण्याचीच. मला ह्या शाबासकीचा संशय येतो.

चाळिशीतल्या बाईचं बघा. पाळी एकदम जात नाही. आधी काही वर्षं पुढंमागं होते. कधी दोन महिने पत्ता नाही, कधी अंगावरून धो धो जातं. छातीतून मानेवर वाफ चढते, रात्री चोळी घामानं भिजते, झोप उडते, सांधे धरतात, जीव चिडचिडा होतो. सलग बारा महिने आली नाही म्हंजे गेली. ह्यात करणी नाही, नखरा नाही. शरीरातल्या हार्मोनचा हा चढउतार आहे.

आमच्या सूतगिरणीत धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात. धाग्याची एवढी काळजी! त्याच हवेत साच्यावरच्या मावशीच्या अंगातून वाफ उठते. ती दोन मिनिटं वाऱ्याला गेली की जॉबर म्हणतो, "होत नसंल तर घरी बस."

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या बिलाला पाठिंबा दिला. १९२९ ला कायदा झाला. राबणाऱ्या बाईच्या शरीराचा भार मालकानंही उचलावा, हा त्यातला विचार. तो आपण बाळंतपणापाशीच का थांबवला? पोर देणाऱ्या अंगाला रजा आणि पोरं देऊन झालेल्या अंगाला टोमणे, हा कुठला न्याय?

बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. २०१९ साली हे सगळीकडं गाजलं. तिथं एक खाडा पडला की दंड. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर तरण्या वयात हे सगळं दुखणं एकदम अंगावर येतं. तेही सोसायचंच?

मित्रांनो, दुःखाला कारण असतं आणि ते दूर करता येतं, हे आपण वंदनेला बसून ऐकतो. मग आईच्या दुःखाचं कारण विचारा. तिला झोपू द्या, पाणी तुम्ही भरा. रक्त फार जात असेल किंवा वर्षभरानं परत दिसलं, तर लगेच डॉक्टरकडं न्या. वाफांवर, झोपेवर औषधं आहेत. पिशवी काढा म्हणाला तर दुसऱ्या डॉक्टरलाही विचारा. आणि युनियनच्या मागणीपत्रात लिहा: प्यायला गार पाणी, साफ संडास, टेकायला स्टूल, वाऱ्याला जायची मुभा.

जे दुःख हटवता येतं, ते सोसणाऱ्या बाईला थोर म्हणणं ही आपली कामचुकारी आहे.

जय भीम.