निराधारचा पगार

"बॅरिस्टर अंतुल्यांना तू एका शब्दात भ्रष्ट म्हणून मोकळा झालास. तुझ्या मावशीच्या चुलीला त्यांनी आधार दिला, ते विसरलास?"

कर्नाटकात निंबर्ग्याला मामांच्या ओसरीवर बसलो होतो. अंगणात तुराट्यांचा ढीग होता. मावशी लग्न होऊन महाराष्ट्रातल्या अक्कलकोट तालुक्यात गेली आणि तिथेच विधवा झाली. मूलबाळ नव्हतं. दर महिन्याला मिळणाऱ्या त्या पैशांना ती शेवटपर्यंत "निराधारचा पगार" म्हणायची.

"विसरलो नाही, मामा. संजय गांधी निराधार योजना १९८० साली आली, ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असतानाच."

"आणि हे आठव. सीमावादावरच्या १९६७च्या महाजन अहवालात अक्कलकोट म्हैसूरला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला द्यायचं लिहिलं होतं. त्या अहवालाची चिरफाड करणारं पुस्तक लिहिलं कुणी? ह्याच माणसानं. आम्ही १९५६ला हैदराबादेतून म्हैसुरात आलो. आम्हाला कुणी विचारलं नाही. कोकणातल्या आंबेतचा एक माणूस आमच्यासारख्यांची बाजू मांडत होता. रेघ सरकली असती तर माझ्या बहिणीला तो पगार मिळाला असता का?"

हे खरंच होतं. मामांचं प्रेम आंधळं नाही, त्याला हिशेब आहे.

"मग सिमेंटचंही बोलू," मी म्हणालो. "तेव्हा सिमेंटवर नियंत्रण होतं, वाटप सरकारच्या हातात. बिल्डरांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला देणग्या दिल्या आणि त्यांना सिमेंट मिळालं. या दोन गोष्टी जोडलेल्या आहेत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२च्या निकालात म्हटलं. अंतुल्यांना पायउतार व्हावं लागलं."

"पैसे बिल्डरांनीच दिले ना? गरिबाच्या खिशातून तर काढले नाहीत. आणि प्रतिष्ठान होतं लेखक-कलावंतांसाठी. घरी नेले का त्यांनी?"

"तुमची विहीर कधी बांधून झाली, मामा?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. इकडे कर्नाटकातही सिमेंट परमिटवरच मिळायचं. त्या विहिरीचा अर्धा कठडा कितीतरी दिवस तसाच पडून होता. लहानपणी आम्हाला तिकडे जायची बंदी होती.

"तीन उन्हाळे," ते म्हणाले. "पण त्याचा अंतुल्यांशी काय संबंध?"

"काहीच नाही. पण एका पोत्याची किंमत तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून विचारतो. वाटायला सिमेंट थोडंच होतं. देणगी देणाऱ्याला आधी मिळालं, तर तितकं ते दुसऱ्या कुणाला तरी मिळालं नाही. त्या माणसाचं नाव कुठल्या निकालपत्रात येत नाही. आणि बिल्डर ती देणगी स्वतःच्या पोटाला चिमटा काढून थोडीच देतो? घर घेणाऱ्याकडून वसूल करतो."

"बरं. चूक एका पारड्यात घाल, मावशीचा पगार दुसऱ्यात. कुठलं खाली जातं?"

"पारडीच वेगळी आहेत. मावशीचा पगार सरकारी तिजोरीतून आला, प्रतिष्ठानातून नाही. त्याला शासनाचा नियम होता. म्हणून अंतुले गेले तरी पगार बंद पडला नाही. तो हक्क होता, सिमेंट ही मर्जी होती. त्यांच्या हातून जे चांगलं झालं, त्याला त्या देणग्यांची गरज नव्हती."

मला वाटलं, मुद्दा संपला. मामा उठले, गुरांना पाणी दाखवून परत आले.

"तू नियमाचं सांगतोस. पण तो नियम केला कुणी? त्याआधी वीस वर्षं महाराष्ट्रात नेते नव्हते का? निराधार बायका नव्हत्या का? फाईल फिरत राहिली तर चालायचं त्यांना. ह्या माणसाला थांबणं माहीत नव्हतं. एका दिवसात निर्णय. १ मे १९८१ला सिंधुदुर्ग आणि जालना, दोन नवे जिल्हे. कुलाब्याचं रायगड केलं. ज्या घाईनं मावशीला पगार दिला, त्याच घाईनं देणग्याही घेतल्या असतील. ती घाई तू कापून वेगळी कशी करशील?"

याला माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. आजही नाही. माणसातली तडफ आणि बेमुर्वतपणा एकाच मुळातून येतात, हे नाकारलं तर मी खोटं बोलेन. पण ती दोन्ही मुळातून एक आहेत म्हणून दोन्ही स्वीकारायची, हेही मला पटत नाही. मी त्यांना पुढची गोष्ट सांगितली.

"१९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं या देणग्यांवरून अंतुल्यांवर भरलेला खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे दिला. हेतू चांगला होता, निकाल लवकर लागावा. अंतुले भांडले. १९८८मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमतानं मान्य केलं की तो आदेशच चुकला होता. कायद्यानं खटला विशेष न्यायाधीशापुढेच चालायला हवा होता. घाईत त्यांचा अपिलाचा एक हक्क हिरावला गेला होता."

"म्हणजे सर्वोच्च न्यायालयानं स्वतःची चूक कबूल केली? अंतुल्यांसाठी?"

"अंतुल्यांसाठी. आडवाट कितीही चांगल्या कामासाठी धरली, तरी तिनं एका माणसाचा हक्क जातो, हे त्यांनीच कोर्टाला पटवलं."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग तेव्हा त्यांना ते सिमेंटवाले आठवले असतील का रे? म्हणजे, ज्यांना मिळालं नाही ते?"

आतून मामींनी जेवायला हाक मारली. मामा उठले नाहीत. माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिले.