नानांची ठेव

चोपड्यात एक नाना होते. केळीचे व्यापारी. तापीकाठच्या बागांतून माल उचलायचा आणि उत्तरेकडे ट्रक रवाना करायचे, यातच त्यांची हयात गेली. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, व्यापाराच्या नफ्यावर आहे; नाना मात्र शेवटपर्यंत स्वतःला शेतकरीच म्हणवत राहिले.

नाना गेले. गंधमुक्ती झाली, मंडप उतरला, आणि महिन्याभरात वारसांच्या नावे आयकराची नोटीस आली. बाकी 8 लाख. नानांच्या मागे होतं काय? 2 लाखांचा गाळा आणि बँकेत 3 लाखांची ठेव.

थोरला म्हणाला, "नाना गेले, त्यांची बाकीबी गेली." ठेवीवर नॉमिनी तोच होता. नोटीस हातात असताना त्याने ठेव मोडली आणि स्वतःच्या घरावर मजला चढवला. धाकटा मुळातला भित्रा. गोरगावले शिवारात स्वकमाईने घेतलेले त्याचे 2 एकर आता सरकारजमा होणार, या धास्तीने त्याचं जेवण तुटलं. त्याने गाळ्यातलं सगळं वहीत उतरवलं: वजनकाटा, रिकामे कॅरेट, बसायची गादी, तारेत ओवलेल्या पावत्या. मग कुलूप घालून किल्ली आईजवळ दिली.

यावलहून ताई आली. तिने थोरल्याला एवढंच विचारलं, "ठेव उचलताना तू नानांचा वारस होतास ना? मग नोटीस आल्यावर कोण झालास?"

तिघं वकिलांकडे गेली. वकील म्हातारे, घाई नसलेले. ते म्हणाले, "बापाचं कर्ज पोराने फेडायचं, पदरात काही पडो न पडो, असा शास्त्राचा दंडक आपल्या मुंबई इलाख्यात न्यायालयंही मानायची. 1866 मध्ये कायदा आला आणि वारसाच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतंच कर्ज उरलं. आयकराचंही तेच. 1961 च्या कायद्याचं कलम 159 काढा. बाकी वारसाकडूनच वसूल होते, पण मयताने मागे ठेवलं असेल तेवढीच."

धाकट्याच्या जिवात जीव आला. "म्हणजे माझं शेत?"

"तुझ्या घामाचं आहे ना? मग त्याला हात लागत नाही."

थोरला खुशीत उठायला लागला. वकिलांनी त्याला हाताने खाली बसवलं. "तुमचं वेगळं आहे. बाकी उभी असताना मयताची मालमत्ता विकली, गहाण टाकली की दुसऱ्याला दिली, तर तिच्या किमतीएवढी जबाबदारी स्वतःच्या अंगावर येते. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे, तेवढ्यापुरतं ते नाव असतं."

"पण पैसे तर स्लॅबमध्ये गेले!"

"स्लॅब तुमचाच आहे."

गाळा विकला गेला, 2 लाख भरले. 3 लाख थोरल्याला स्वतःच्या खिशातून द्यावे लागले. उरलेल्या 3 लाखांसाठी धाकट्याच्या शेताकडे कोणी फिरकलं नाही. नानांचं असं काही उरलंच नव्हतं. थोरल्याने नव्या मजल्यावर भाडेकरू ठेवला. भाडं पुरत नाही, तेव्हा तो धाकट्याकडे उसने मागतो. धाकटा देतोही, पण वहीत लिहून.