किल्ली आणून दे

बस समोर. आणि 'हो सर, हो सर' म्हणत मान हलवू नकोस. आयटीआयच्या वर्कशॉपमध्येही तू अशीच मान हलवायचास आणि माझी पाठ वळली की लेथला हात घालायचास.

काल सांजेला नागऱ्याच्या महादेवाचं दर्शन घेऊन परतत होतो. तुझ्या अंगणातून इंजिनाचा आवाज आला म्हणून आत डोकावलो. ट्रेलरवर बोट, बोटीत तू, भोवती गावातली पोरं गोळा झालेली, आणि इंजिन कोरडं चाललंय. पाण्याची नळी जोडलेली नाही, आणि वरून तू रेस देतोयस. रबर जळल्याचा वास मला फाटकातच आला. तू त्यावर बसला होतास, तुला कसा आला नाही?

शेतातल्या विहिरीचं पाणी तुटलं तर तू जेवणाच्या ताटावरून उठून सबमर्सिबलचा स्टार्टर पाडायला धावतोस. कोरडी मोटर जळते हे तुला कुणी शिकवलं नाही, एकदा रिवाइंडिंगचा खर्च भरलास तेव्हा कळलं. मग जेट बोट म्हणजे दुसरं काय आहे? पंपच आहे तो. बोटीच्या बुडाच्या जाळीतून पाणी ओढायचं, इम्पेलरने ते रेटायचं आणि मागच्या तोटीतून फेकायचं, एवढंच त्याचं काम. इंजिनही त्याच पाण्यावर थंड होतं. पाणी नसेल तर काही सेकंदांत एक्झॉस्टचे रबरी पाइप वितळायला लागतात आणि शाफ्टचं सील घासलं जातं. त्या सीलमधून मग पाणी हळूहळू बोटीत झिरपतं. काठावर उभा राहून तुला ते दिसणारही नाही. दिसेल तेव्हा तू तलावाच्या मध्यावर असशील.

बोटीसोबत आलेलं पुस्तक उघडलंस का? प्लास्टिकच्या पिशवीत तसंच आहे, पाहिलंय मी. बऱ्याच बनावटींत जमिनीवर इंजिन धुताना आधी इंजिन सुरू करायचं आणि मग नळ सोडायचा. थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. क्रम उलटा केलास तर पाणी एक्झॉस्टमधून मागे जाऊन इंजिनात भरतं. तुझ्या बोटीचा क्रम काय ते त्याच पुस्तकात लिहिलंय. लाखांचा व्यवहार केलास आणि चार पानं वाचायला वेळ नाही?

आता घेण्याबद्दल बोलू. समुद्रावरची जुनी बोट घेतलीस, रंग पाहिलास, सीटचं रेक्झिन पाहिलंस, ध्वनिवर्धक वाजवून पाहिलास. जाळीखाली हात घातलास? इम्पेलरच्या पात्याची कड बोटाने चाचपलीस? पातं आणि भोवतालचं कडं यांच्यातली फट बनावटीप्रमाणे बदलते, पण असल्या छोट्या बोटींत ती अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते. फीलर गेज कसा धरायचा हे मी तुला शिकवलंय. वाळूने कडं घासलं, फट वाढली की इंजिन नुसतं ओरडतं आणि बोट जागची हलत नाही. काल तू म्हणालास, 'सर, आवाज कसला दमदार आहे!' आवाजाने बोट पुढे जात नाही, बाबा.

खाऱ्या पाण्यातून आलेला अॅल्युमिनियमचा पंप उघडल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवायचा नाही. बुडाशी गंज स्वतःवर ओढून घेणारा धातूचा तुकडा असतो. समुद्रात तो जस्ताचा चालतो. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा किंवा अॅल्युमिनियमचा लागतो. जुना झिजून नावालाच उरलाय, तो बदल. पंपाचं तेल काढून पाहा. दुधाळ निघालं तर सीलमधून पाणी शिरलंय, पुढचं काम तिथेच थांबव.

सगळ्यात जास्त राग मला त्या अल्टरनेटरचा आला. कुणीतरी बोटीच्या इंजिनावर मोटारीचा अल्टरनेटर बसवलाय आणि तू तो कौतुकाने दाखवतोस, 'सर, स्वस्तात पडला, पार्ट गोंदियात मिळतो.' अरे, मोटारीचं बॉनेट खालून उघडं असतं, वारा खेळतो. बोटीचं पोट बंद असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचून राहते. बोटीसाठी बनवलेल्या स्टार्टर-अल्टरनेटरमधून ठिणगी बाहेर पडू नये अशी बांधणी केलेली असते, मोटारीच्या अल्टरनेटरला ती नसते. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं. ते जुन्या रबरी नळ्या खातं आणि ओल धरतं. म्हणजे एकीकडे पाझरणारी नळी, दुसरीकडे ठिणगी, आणि मधे तू बसवणार बहिणीची दोन मुलं. नळ्या सगळ्या बदलायच्या. अल्टरनेटर काढून योग्य तो बसवायचा. आणि दर वेळी सुरू करण्याआधी झाकण उघडून वास घ्यायचा, ब्लोअर चार-पाच मिनिटं चालवायचा. पोरं कितीही 'चला, चला' म्हणोत.

ट्रॅक्टर चालवता येतो म्हणून बोट चालवता येते असं तू समजतोस. इथेच तू फसणार आहेस. रस्त्यावर घाबरलेला माणूस आधी रेस सोडतो, ते बरोबरही असतं. जेट बोटीत मागे ना सुकाणू, ना पंखा; तोटीतून सुटणारं पाणीच तिला वळवतं. रेस सोडलीस की धार थांबते, मग स्टिअरिंग कितीही फिरव, बोट नाकासमोर जात राहते. समोर ढिवराचा डोंगा असेल तर त्या डोंग्यावर. ब्रेक नाही, आणि खरा न्यूट्रलही नाही. इंजिन चालू आहे तोवर इम्पेलर फिरतो आणि बोट सरकत असते. थोडी रेस ठेवूनच वळायचं हे अंगात मुरेपर्यंत मोकळ्या पाण्यात, जाणत्याला शेजारी बसवून शिकावं लागतं.

18 डिसेंबर 2024 ला मुंबईत काय झालं ते तू मोबाइलवर पाहिलंस, मलाच दाखवलंस. इंजिनाची चाचणी चालू असलेल्या नौदलाच्या स्पीडबोटीचा ताबा सुटला आणि ती एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल'वर आदळली. 15 माणसं गेली. तिथे बोट चालवणारे शिकलेले, रोज पाण्यावरचे लोक होते. त्याच वर्षी 18 जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका बुडाल्या. क्षमतेपेक्षा जास्त भरलेली बोट, आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. मी जन्मभर मास्तरकी केली. ती बातमी वाचल्यावर दोन दिवस घास उतरला नाही माझ्या घशाखाली. आणि तू म्हणतोस, 'तलाव आहे सर, समुद्र थोडाच आहे!'

आपल्या तलावांची तुला ओळख आहे ना? नवेगावबांध कोलू पाटील कोहळींनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. असल्या पाळींनी आपल्या धानाला पाणी दिलं. त्या पाण्यात ढिवर मासे धरतात, शिंगाडा लावतात. शिंगाड्याचा एक वेल जाळीतून आत गेला की शाफ्टला दोरखंडासारखा गुंडाळतो. कमळाचे देठ, बेशरमाची फांदी, फाटलेलं जाळं, सगळं त्या तोंडात ओढलं जातं. अडकलं तर इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच हात घालायचा. हात, ओढणी, केस काहीही ते ओढून घेतं. मागे पडलेल्या माणसाला तोटीची धार लागली तर शरीराच्या आतपर्यंत इजा होते. म्हणून मागच्या बाजूला कुणी बसायचं नाही, आणि लाल दोरी तुझ्या मनगटाला बांधलेली हवी, म्हणजे तू पडलास तर इंजिन थांबेल. काल ती दोरी आरशाला लटकत होती.

आणखी एक. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः आपल्या गोंदियात. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत आणि तलावाच्या उथळ काठाला घरटं करतो. जेट बोट हातभर पाण्यातही जाते म्हणून तू काठाकाठाने फिरवायचं म्हणतोयस. तिची लाट घरट्यावर गेली की अंडी वाहून गेली. ते मी होऊ देणार नाही.

जेट बोट उथळ नद्यांसाठीच निघाली, न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टनने 1950 च्या दशकात तिला घडवलं. 1977 साली एडमंड हिलरी तसल्याच बोटी घेऊन गंगासागरहून वर निघाले, हॅमिल्टनचा मुलगा जॉनही सोबत होता. नंदप्रयागजवळ धबधबा आडवा आला. एव्हरेस्ट चढलेला माणूस तिथे बोटीतून उतरला. तुला आळीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या म्हणून थांबता येत नाही?

कागदांचं काय? 2021 चा अंतर्देशीय जहाज कायदा यांत्रिक बोटीला नोंदणी, तपासणी आणि विमा सांगतो, चालवणाऱ्याला पात्रतेचा दाखला मागतो. तुझ्याकडे विकणाऱ्याने दिलेली एक पावती आहे. आणि तलाव ज्याच्या ताब्यात, त्याची लेखी परवानगी वेगळी.

तू माझ्या हाताखालच्या चांगल्या मुलांपैकी होतास. डोळे मिटून नटाचा आटा ओळखायचास, म्हणून इतकं बोलतोय. दुसऱ्या कुणाच्या अंगणात मी थांबलोही नसतो.

रविवारी बोट पाण्यात जाणार नाही. बहिणीला आज फोन कर, मुलांना आणू नकोस म्हणून सांग. उद्या सकाळी सातला पाने, फीलर गेज आणि ते पुस्तक घेऊन ये, दोघं मिळून पंप उघडू. आणि आत्ता घरी जा, किल्ली आणून माझ्या हातात दे.