फडकं आणि रकाना

मल्लखांबाला चोळलेलं एरंडेल अंगाला लागलं की त्याचा वास सहज जात नाही. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या घरी आई त्या वासावरूनच ओळखायची, मुलगा आज आखाड्यात गेला होता की नुसताच दांडिया बाजारात उंडारत होता.

तेरा वर्षांचा असताना एका स्पर्धेत माझी अढी, म्हणजे खांबाभोवतीची पायांची पकड, सुटली आणि मी खाली आलो. लागलं काहीच नाही, पण समोरचं हसू कानावर पडलं आणि पुढचा सगळा संच त्या हसण्यातच वाहून गेला. आम्हाला शिकवणारे काका नंतर म्हणाले, “पडलास, त्याचे गुण पंचांनी कापले. हसणाऱ्यांकडे बघितलंस, त्याचे तू कापलेस.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला एक क्रम लावून दिला. फडक्याने हातपाय पुसायचे, खांबाला नमस्कार करायचा, तीन वेळा सावकाश श्वास सोडायचा, मग उडी. पडलो तरी पुन्हा तेच, पहिल्यापासून.

आज माझी नात नेमबाजी करते. तिला मानसिक तयारीसाठी वेगळ्या बाई आहेत आणि त्यांनी दिलेली एक वही आहे. नेम धरण्याआधी करायच्या कृती त्यात क्रमाने लिहिलेल्या आहेत. डोळे मिटून अख्खा शॉट मनात कसा पाहायचा, नेम चुकल्यावर स्वतःशी काय बोलायचं, तेही आहे. वही चाळताना मला काकांचं फडकं आठवलं. ‘घाबरू नकोस’ म्हटल्याने मन ऐकत नाही. हाताला ठरलेलं काम दिलं, की मन हळूहळू त्याच्यामागे येतं.

बडोद्याला हे नवं नव्हतं. जुम्मादादांची इथली व्यायामशाळा 1880 सालची. पुढे ती माणिकरावांनी नावारूपाला आणली. त्यांच्याकडे 1907 ते 1910 या काळात शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद. 1924 साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम उभं केलं आणि प्राणायामाचे परिणाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले. आज खेळाडूला मोजून श्वास घ्यायला शिकवतात, तेव्हा मला आखाड्यातून प्रयोगशाळेत गेलेला तो विद्यार्थी आठवतो.

आखाड्याबाहेर, क्रिकेटच्या मैदानावरही मनाची अशी तालीम दिसते. फलंदाज विजय हजारे जन्माने सांगलीचे, पण बडोद्याचेच झाले. मार्च 1947 मध्ये होळकर संघाविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात त्यांनी आणि गुल महंमद यांनी चौथ्या विकेटसाठी 577 धावांची भागीदारी केली. मला मात्र जानेवारी 1948 ची ॲडलेड कसोटी जास्त सांगून जाते. ब्रॅडमनने द्विशतक ठोकलेलं, भारतावर फॉलोऑन आलेला. पहिल्या डावात हजारे 116, दुसऱ्यात 145. दुसऱ्या डावात लिंडवॉलने 38 धावांत 7 बळी घेतले. समोरचा जोडीदार बाद होऊन परतत असताना पुढचा चेंडू कोऱ्या मनाने खेळायचा, हे एकदा जमेल. ते दिवसभर जमवायचं, तर मनालाही तालीम लागते.

पण याच हजाऱ्यांबद्दल क्रिकेटपटू विजय मर्चंट यांचं मत होतं, की कप्तानपदाच्या ओझ्याने त्यांच्यातला फलंदाज आखडला. ते वाचल्यापासून एक प्रश्न मनातून जात नाही. असं ओझं त्या काळी कोणी कोणापाशी बोलून दाखवायचं?

आमच्या आखाड्यात तरी ती सोय नव्हती. माझ्याबरोबरचा एक मुलगा खांबाच्या मानेपर्यंत चढायचा आणि टोकावरच्या बोंडाला हात लागला की गोठायचा. आम्ही त्याला ‘भित्रा’ म्हणून चिडवायचो. हसू कसं बोचतं हे अनुभवलेला मीही त्यात होतो. काकांनी त्यालाही फडकं दिलं, क्रम लावून दिला. महिन्याभरात तो यायचा बंद झाला. त्याला बोंडावर नक्की काय दिसायचं, हे कोणी विचारलं नाही. कदाचित त्याच्याकडे सांगण्यासारखं एखादं साधं कारण असेल.

नातीच्या वहीत रोजच्या पानाखाली एक रकाना आहे: ‘आज कशाची भीती वाटली?’ परवा तिने तिथे लिहिलं होतं, ‘बाबा मागे उभे होते.’ आता सरावाच्या वेळी तिचे बाबा बाहेर चहा पीत बसतात.

आम्हाला फडकं मिळालं होतं. हा रकाना नव्हता.